आधी शेवट

अहमदीत रात्री दोनला फोन वाजतो.
रिगवरचा दाऊद, मागे पंपांची घरघर:
"बाई, आपण कुठे आहोत?"
तो चार हजार एकशे साठ फुटांवर आहे
आणि त्याला पत्ता ठाऊक नाही.

पत्ता माझ्या काचपट्टीवर.

संध्याकाळी आलेली चिमूटभर राखाडी शेल.
आधी एका आम्लाने तिचा चुना उतरवला,
मग दुसऱ्याने वाळू, माती.
हे दुसरं काच खातं, हाडापर्यंत पोचतं,
म्हणून रोनेल दोन-दोन हातमोजे चढवतो
आणि तेवढा वेळ कुणाशी बोलत नाही.
खडकाचं खडकपण सगळं निघून गेलं
की तळाशी बोटाला लागेल एवढं काजळ उरतं.
तीच झाडं.

एकोणीस वर्षं झाली, अजून नवल वाटतं.
वाळू विरघळते,
परागकणाची साल विरघळत नाही.

इथे आज पिण्याचं पाणीसुद्धा
समुद्र उकळून काढावं लागतं,
आणि भिंगाखाली नदीचं मुख आहे,
नेच्यांचे बीजाणू, तीन चिरांचे,
कमरेला पट्टा बांधलेले सूचिपर्णी वृक्षांचे कण,
चौघे चौघे अजून एकमेकांना धरून.
रंग मधाचा. आणखी खोल गेलं की गुळाचा,
मग काकवीचा; त्याखाली
जळकी कॉफी, आणि ओळख बंद.

मी शोधतेय तो आफ्रोपोलिस:
सैल जाळीत ठेवलेला चेंडू,
बाजारातून आणताना जाळी थोडी फाटलेली.

अनवार नवी आहे, विचारते,
पहिल्यांदा कुठे उगवला ते का नाही बघत?
कारण आपण वरून उतरतो, पोरी.
विहिरीच्या भिंती ढासळत असतात,
वरचा चुरा खालच्याचं सोंग घेऊन येतो.
इथे पहिलं दिसणं भरवशाचं नसतं,
शेवटचं असतं,
आणि ते आपल्याला आधी भेटतं.

"म्हणजे त्या दिवशी ती जात संपली?"
नाही गं.
आपल्याला दिसायची थांबली.
तिचं तिकडे काय झालं,
कुठल्या टेकडीमागे किती वर्षं फुलत राहिली,
ते या गाळाला कुणी कळवलं नाही.

तीन वाजून वीस. एक सापडतो.
दुमडलेला, पण तोच.
एकाचं काय खरं? जुन्या खडकातून झिजून
पुन्हा वाहत आलेलाही असेल.
रंग बघते: शेजाऱ्यांसारखाच मध.
तरी दाऊदला सांगत नाही.
तिकडे तासाला किती पैसे जळताहेत
ते तो मला सांगत नाही, हा त्याचा चांगुलपणा.

मध्येच एक लालभडक.
रंगद्रव्य पिऊन टम्म, पोटात अजून ऐवज.
खजूर. यंदाचा.
शफिकुल परवा कंपनीच्या बागेत
मादी झाडांवर चढून नराचे तुरे बांधत होता,
खिडकी उघडी राहिली असणार,
आला आणि क्रिटेशसमध्ये बसला.
असल्यांना मोजणीत धरत नाहीत.
मी त्याच्यावर जरा जास्तच वेळ थांबते.

पहाटेच्या अजानीच्या अलीकडे दुसरा,
लगेच तिसरा, जाळी शाबूत.
फोन करते. "वारा संपलं. बुरगानात आहेस.
थांब, केसिंग इथेच उतरव."
"बरं," म्हणतो दाऊद, आणि लाइन कट.

वहीत फूट लिहिते, पुढे नाव,
पुढे दोन शब्द: शेवटचं दिसणं.
अनवार खिडकी उघडते.
बाहेर गॅसच्या ज्वाळेमुळे न अंधारलेलं आकाश,
खाली तुरे बांधलेली खजुरी,
आणि मला एकामागून एक सात शिंका.

परागांची बाई आणि परागांचीच ॲलर्जी!
हसून हसून तिचा हिजाब सरकतो.
हसू दे.
दहा कोटी वर्षांपूर्वीचं मला काही बाधत नाही.
हा फेब्रुवारी बाधतो.